संगणकात अडकलेली अक्षरं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर नावाचा माणूस असतो. माग अडला की त्याला हाक मारायची. तो खिशात दोन-तीन पाने आणि एक पेचकस घेऊन येतो, मागाजवळ घटकाभर कान देऊन उभा राहतो आणि मग नेमक्या जागी हात घालतो. घरातल्या संगणकाला असा जॉबर मिळत नाही. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मिळतो. तो येतो, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, सगळं पुसतो, नवं घालतो आणि चहा पिऊन जातो. संगणक पळायला लागतो. आठवडाभरानं कळतं की मुलीच्या लग्नाचे फोटो गेले, सोसायटीचा हिशेब गेला, दहा वर्षांची पत्रं गेली.

तेव्हा आज मी जी हत्यारं सांगणार आहे ती संगणक पळवण्याची नाहीत. आत जे आपलं आहे ते आपलंच राहावं, उद्याही उघडावं, यासाठीची ती आहेत. सगळी चकटफू आहेत. मी संगणकतज्ज्ञ नाही, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे शेवटी शेवटी माझी गाडी अक्षरांच्या गावाला जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी ‘फुकट’ या शब्दाची फोड करू. संगणकाच्या बाजारात फुकट माल तीन जातींचा असतो. पहिली जात मुक्त सॉफ्टवेअरची. लिहिणाऱ्यांनी ती वाटण्यासाठीच लिहिलेली असते आणि तिच्या आतली आज्ञावलीही कुणालाही वाचता येते, बदलता येते. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, ऑडॅसिटी ही त्या घराण्यातली. दुसरी जात घरगुती वापरापुरती मोफत, धंद्यासाठी वापराल तर पैसे मोजा, अशी. तिसरी जात म्हणजे चोरीचा माल. संगणक विकत घेताना दुकानदार ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो ना, त्या ‘सगळं’मध्ये ही जात बहुधा असते. ती फुकट दिसते, पण तिची किंमत पुढे वसूल होते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभरच्या संगणकांत शिरला. तो फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीचे पैसे मागायचा. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आणि चोरीची प्रत बसवून देणारा माणूस जाताना पहिली सूचना हीच देतो, की अपडेट बंद ठेवा.

मोफत वस्तू उतरवून घेताना ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. शोधून काढलेल्या भलत्याच पानावर जे सगळ्यांत मोठं, हिरवं, ‘डाउनलोड’ लिहिलेलं बटण असतं, ते बहुतेक वेळा जाहिरातीचं असतं. विषाणूपासून राखण करणारं डिफेंडर विंडोजमध्येच आलेलं असतं, घरच्या वापराला ते पुरतं. संगणक सुरू व्हायला वेळ लागत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘स्टार्टअप’ हा भाग पाहा. संगणक उठल्याबरोबर कोण कोण न बोलावता उठतं, त्याची यादी तिथे असते. ओळखीचं नसलेलं नव्हे, तर नको असलेलं तेवढं बंद करा. ओळखीचं नसलेलं कदाचित तुमच्या छपाईयंत्राचं असेल.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनेक घरांतले धडधाकट संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत. त्यांना भंगारात काढण्याआधी लिनक्स मिंट नावाची मोफत प्रणाली पाहा. ती पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकातलं काहीही न पुसता, चालवून बघता येते. मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, महाजाल, सिनेमा एवढंच ज्याचं काम आहे, त्याला काही अडत नाही.

आता प्रतींविषयी. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यात कुणी विसरलेलं नाही. भिवंडीतही घराघरांत, कारखान्यांत पाणी शिरलं. संगणकाचा डबा तेव्हा टेबलाखाली, जमिनीवर ठेवायची पद्धत होती. जॉबरनं कितीही कान लावले तरी चिखलानं भरलेली हार्डडिस्क बोलत नाही. जाणकार मंडळी एक साधा हिशेब सांगतात. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिसरी गूगल ड्राइव्हवर. तिथे १५ जीबी जागा मोफत मिळते, मात्र तुमच्या जीमेलचा आणि फोटोंचा पसाराही त्याच १५ मध्ये धरलेला असतो. महाजालावर भरवसा नसेल तर ती डिस्क कल्याणला बहिणीच्या घरी ठेवा. बहिणीकडे येणंजाणंही होतं. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. दोन ठिकाणच्या प्रती जुळवून ठेवण्यासाठी फ्रीफाइलसिंक नावाचं मोफत हत्यार आहे. डावीकडे काय बदललं, उजवीकडे काय राहिलं, हे ते समोर मांडतं आणि सांगाल तेवढंच हलवतं.

पुसलं गेलेलं परत मिळतं का, हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. पुष्कळदा मिळतं. संगणक फाइल पुसतो म्हणजे वहीच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडतो, पान फाडत नाही. त्या पानावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो गेले असतील तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. ते बाजूला काढा आणि फोटोरेक नावाच्या मोफत हत्यारानं त्याचा शोध घ्या. दिसायला ते अगदी रुक्ष आहे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम इमानदारीनं करतं. नव्या संगणकांतल्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. ती डिस्क पुसलेली जागा स्वतःच झटपट साफ करून टाकते.

वीज जाण्याचं आम्हा भिवंडीकरांना कौतुक नाही. भारनियमनाच्या काळात अर्ध्या लिहिलेल्या ओळी किती गेल्या त्याची गणती नाही. लिबरऑफिसमध्ये ‘ऑटोरिकव्हरी’ नावाची सोय असते. ती दर १० मिनिटांनी मजकूर राखून ठेवते. तो आकडा २ वर आणून ठेवा.

आता चित्रं, आवाज आणि कागद.

परीक्षेचा, नोकरीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज महाजालावरून भरताना एक ओळ सगळ्यांना घाम फोडते. छायाचित्र इतक्या केबीपेक्षा कमी हवं. तेवढ्यासाठी पोरं सायबर कॅफेत रांग लावतात. इरफानव्ह्यू नावाचं एक छोटंसं हत्यार १९९६ पासून मोफत मिळतं, घरगुती वापरासाठी. ते आणि त्याचे प्लगइन उतरवून घेतले की छायाचित्र साठवताना ते किती केबीचं हवं तेच सांगता येतं. शंभर फोटो एका दमात लहान करता येतात. ते लिहिणारा इरफान श्किल्यान मूळचा बोस्नियाचा, राहणारा ऑस्ट्रियाचा. आमच्याकडे इरफान या शब्दाचा अर्थ जाण, ओळख असा आहे. फोटो ओळखू न शकणाऱ्या संगणकाला या इरफाननं जाण दिली, असं मी गमतीनं म्हणतो.

कागदपत्रांच्या पीडीएफ जोडायच्या असतात. सातबारा, आधार, गुणपत्रिका, सगळं एका फायलीत मागतात. त्यासाठी महाजालावर ढीगभर संकेतस्थळं आहेत. फाइल चढवा, जोडून घ्या. पण विचार करा, तुमचं आधारकार्ड तुम्ही कुणाच्या हातात दिलंत? पीडीएफसॅम बेसिक हे मोफत हत्यार घरच्याच संगणकावर बसतं आणि कागद घराबाहेर न जाता जोडलेही जातात, सुटेही होतात.

आणि कॅसेट! लग्नातली हळदीची गाणी, आजीनं म्हटलेल्या ओव्या, कुठल्याशा कविसंमेलनाचं ध्वनिमुद्रण, अशा कॅसेट माळ्यावर पडून बुरशी धरत असतात. कोकणपट्टीची दमट हवा त्यांची वैरीण आहे. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या माइकच्या भोकात जोडायची आणि ऑडॅसिटी सुरू करून टेप वाजू द्यायची. टेपची ती ‘सूंऽऽ’ अशी खरखर कमी करायची सोय त्यात आहे. जिथे कुणीच बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून दाखवायचा. तेवढ्यावरून ते खरखर ओळखतं आणि सगळ्या टेपमधून उणी करतं. फार साफ करू नका, आजीचा आवाज पत्र्याचा होतो. आणि मूळ, न धुतलेली प्रतही राखून ठेवा, उद्या याहून चांगलं हत्यार येईल. वाजवायला व्हीएलसी आहेच. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली ते सुरू केलं आणि २००१ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. नारिंगी-पांढऱ्या शंकूची त्याची खूण, रस्त्याच्या कामाजवळ ठेवतात तसली. कुठलीही फाइल दिली तरी ते सहसा नाही म्हणत नाही.

इतकं झाल्यावर मी आता अक्षरांकडे येतो.

एक आगरी बोलीत कविता लिहिणारे माझे मित्र होते. भिवंडी तालुक्यातल्याच एका गावात शिक्षक होते. गेले. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हणाला, ‘काका, यात बाबांच्या कविता आहेत. पण उघडल्या की काहीच्या काही दिसतं.’ ज्या डीटीपीच्या दुकानात त्या टाइप करून घेतल्या होत्या ते दुकान केव्हाच बंद झालेलं, हस्तलिखिताच्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या. संग्रह छापायचा राहून गेलेला. म्हणजे त्या माणसाची कविता जगात एकाच ठिकाणी होती, आणि तिथे ती वाचता येत नव्हती.

ही गोष्ट त्याच्या एकट्याची नाही. तुमच्याही घरी १९९५ ते २०१० च्या दरम्यानची मराठी फाइल असेल, मंडळाची घटना, वडिलांचं आत्मचरित्र, कुळाची वंशावळ, तर हे ऐकून ठेवा.

मराठी अक्षरांना संगणकात आपली हक्काची जागा मिळायला फार वेळ लागला. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतप्रणाली ठरली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरं मिळाली. पण घरोघरच्या विंडोजला ती घरं ठाऊक नव्हती. विंडोज ९५, ९८ ला मराठी समजतच नव्हती. ती विंडोज २०००मध्ये आणि मग २००१ च्या एक्सपीमध्ये आली, आणि एक्सपीतही ती आपल्याला मुद्दाम जागी करावी लागे. तोवर छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या थांबणार थोड्याच? त्यांच्यासाठी फॉन्टवाल्यांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच अक्षर असायचं. बरं, कुठल्या घरात कुठलं चित्र, हे प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं ठरवलं. श्रीलिपीचं घर निराळं, आकृतीचं निराळं, शिवाजीचं निराळं. जोवर तो फॉन्ट संगणकात आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. त्या सोयीनं मराठीचं पंधरा वर्षांचं काम चालवलं, हे मान्य करायला हवं. पण त्या काळातला केवढा तरी मजकूर आज मुखवट्याविना उघडा पडला आहे.

फाइल उघडली आणि मराठी दिसली नाही तर घाबरू नका, आधी लक्षण पाहा. हकिमानं नाडी पाहावी तसं. इंग्रजी अक्षरं, कंस, चिन्हं यांची खिचडी दिसली, तर तो जुना फॉन्ट. मजकूर शाबूत आहे, परत मिळेल. अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर बरोबर आहे, फक्त तुमच्या संगणकात देवनागरीचा फॉन्ट नाही. मोफत फॉन्ट टाका, काम झालं. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी छोटा ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसला, तर मजकूर युनिकोडच आहे, संगणक तो चुकीच्या संकेतानं वाचतोय. उघडताना ‘यूटीएफ-८’ निवडा. आणि ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र वाईट बातमी. अक्षरं खरोखरच गेली आहेत, दुसरी प्रत शोधा. ही प्रश्नचिन्हं बहुतेक वेळा जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून ‘एएनएसआय’ प्रकारात साठवल्यामुळे झालेली असतात. तो एक सावधगिरीचा इशारा देतो, आपण न वाचता ‘ओके’ म्हणतो. २०१९ पासून विंडोज १०चा नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्येच साठवतो. जुन्या संगणकावर ते हातानं निवडावं लागतं.

आमच्या मित्राच्या फायलीत खिचडी होती. म्हणजे आशा होती. फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली आणि मजकुरावर टिचकी मारली. वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव येतं. तो फॉन्ट संगणकात नसला तरी नाव येतंच, फक्त तिरक्या अक्षरांत. ते नाव हीच किल्ली. एकदा नाव कळलं की त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी मोफत हत्यारं महाजालावर शोधता येतात. मुख्य फॉन्टांसाठी ती अनेकांनी बनवून ठेवली आहेत. फाइल अख्खी घालू नका, पानापानानं घाला, आणि मूळ फायलीला हात लावू नका.

रूपांतर झालं की काम संपलं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन यंत्रासारखं चालायचं. ह्रस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून, कारण डोळ्यांना ती डावीकडे दिसते. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतो, आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये ‘र’ अक्षराच्या आधी येतो. साध्या शब्दांत हत्यारं ही अदलाबदल नीट करतात, जोडाक्षर आलं की गडबडतात. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी ‘थ’ सोडून ‘स’ला जाऊन चिकटते. म्हणून तपासताना सगळा मजकूर सारख्या लक्षानं वाचण्यापेक्षा ह्रस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांच्यावर नजर ठेवावी. एकच चूक पन्नास ठिकाणी असेल तर ‘शोधा आणि बदला’ हे कंट्रोल आणि एच दाबून एका फटक्यात होतं. लिबरऑफिसमध्येही आणि वर्डमध्येही.

फॉन्टचं नावच सापडलं नाही, किंवा नुसता छापील कागद उरला असेल, तर त्याचा स्वच्छ फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून खाली मजकूर मिळतो. महाजालाशिवाय हे करायचं असेल तर टेसरॅक्ट आहे. एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली, २००५ साली ते खुलं झालं, आणि मराठी त्याला वाचता येते. छपाई चांगली असेल तर दोन्ही पुष्कळ बरोबर वाचतात. हस्ताक्षराची खात्री मी देत नाही, माझं हस्ताक्षर तर माझ्या घरच्यांनाही लागत नाही.

आता एका अक्षराविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. दर्या आणि दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून मराठीत आलेला. दऱ्या म्हणजे डोंगराच्या दऱ्या. एकात ‘र’ रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात कोयत्यासारखा आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. हा आडवा ‘र’ ही मराठीची खास वस्तू आहे, हिंदीत तो सापडत नाही. ज्याला तो टंकता येत नाही त्याच्या कवितेत ‘वाऱ्यावर’ नीट लिहिता येत नाही आणि डोंगरातली पायवाट थेट समुद्रात उतरते. युनिकोडनं त्याच्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ दिला आहे. तो लिहा, मग हलन्त, मग ‘य’. इन्स्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट दाबून इंग्रजी जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. दुसरीही एक वाट आहे. साधा ‘र’, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती निराळी वाटू शकतात. एका वाटेनं लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या वाटेनं शोधला तर तो शब्द समोर असूनही ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. घरातल्या सगळ्यांनी एकच वाट धरावी, पहिली.

टंकायला शिकण्याचं म्हणाल तर इन्स्क्रिप्ट हा सरकारनं १९८६ साली ठरवलेला कळपाट विंडोजमध्ये असतोच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पंधरा दिवस सक्तीनं केलं की बोटांना सवय होते, आणि एकदा तो आला की हिंदी, गुजराती, बंगालीही त्याच कळांवर लिहिता येतात. तेवढा धीर नसेल तर विंडोज १०मध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वन्यात्मक कळपाट आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहा, मराठी उमटते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. ज्यांची बोटं थकली आहेत त्यांनी गूगल डॉक्सला बोलून सांगावं, २०१७ पासून त्याला मराठी ऐकू येते. पत्रासाठी ते उत्तम. कवितेच्या ओळी कुठे तोडायच्या हे मात्र त्याला कळत नाही.

माझ्या उर्दूत लिहिणाऱ्या मित्रांचं दुखणंही हेच आहे. भिवंडीतली उर्दूची कितीतरी छपाई इनपेज नावाच्या सॉफ्टवेअरवर झाली, आणि त्याच्या जुन्या फायली दुसरीकडे वाचता येत नाहीत. त्यांनाही रूपांतर लागतं. नस्तालीक वळणाचा नोटो नस्तालीक उर्दू हा चांगला फॉन्ट आता मोफत आहे. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्त पाहा, नावासारखाच मुक्त आहे.

मित्राच्या कविता असं करत करत युनिकोडमध्ये आल्या. मग शुद्धलेखन तपासून घ्यावं म्हणून लिबरऑफिसमध्ये मराठी तपासनीस जोडला. तोही मोफत मिळतो. तपासनिसानं सगळं पान लाल रेघांनी भरून टाकलं. ‘बापूस’ चूक, ‘पोऱ्या’ चूक, खाडीतल्या माशांची नावं चूक, भातलावणीचे शब्द चूक. मुलगा म्हणाला, ‘काका, बाबांना शुद्धलेखन येत नव्हतं का?’ मी त्याला दाखवलं की शब्दावर उजवी टिचकी मारली की ‘शब्दकोशात जोडा’ असा पर्याय येतो. त्या दुपारी वहिनींना शेजारी बसवलं. मी एकेक शब्द वाचायचा, वहिनींनी तो म्हणून दाखवायचा, अर्थ सांगायचा, आणि मुलानं टिचकी मारायची. काही ठिकाणी रूपांतरातली चूक वहिनींच्या कानानं पकडली. ‘असा शब्दच नाही आमच्याकडे,’ म्हणाल्या, आणि खरा शब्द सांगितला.

लिबरऑफिस असे जोडलेले शब्द एका साध्या फायलीत ठेवतं. ती उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते. मुलानं ती नेली आहे, कवितांच्या तीन प्रतीही केल्या आहेत. परवा त्याचा फोन आला. बाबांच्या एका कवितेतला शब्द ह्रस्व की दीर्घ, असं विचारत होता. मी म्हटलं, बाबा, ते वहिनींना विचार.